पाच किलोमीटरची मॅरेथॉन

नागपूर,
मंगळवार

प्रिय बाबा,

हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा धम्मदीप दारात एकटाच उभा असेल. त्याच्या मागे वैष्णवी आहे का म्हणून तुम्ही मान लांब करून बघाल, मग रस्त्याकडे बघाल आणि मग त्याच्यावर ओरडाल. ओरडू नका. स्वतः पोरीचा बाप झाला तरी तुमच्यापुढे त्याने जन्मात कधी तोंड उघडलं नाही, आजही उघडणार नाही. मीच त्याला सांगितलंय, काही विचारलं तर पाकीट पुढे कर. तुमची नात माझ्याजवळ आहे, सुखरूप आहे, आत्ता स्वयंपाकघरात ओट्यावर बसून तुमच्या जावयाने, विक्कीने, आणलेली जिलेबी खाते आहे. रविवारी वामनभाऊंच्या वाढदिवसाची मॅरेथॉन आहे, हे मला माहीत आहे. फुलसावंगीच्या स्टँडवर बॅनर लागलंय, त्यावर वैष्णवीचा फोटो आहे आणि ती पळणार असा तुम्ही भाऊंना शब्द दिलाय, हेही माहीत आहे. तरी ती येणार नाही. का येणार नाही ते शेवटी लिहिते. आधी बाकीचं वाचा. पेपर मागच्या पानापासून वाचायची तुमची सवय आजच्या दिवस बाजूला ठेवा.

फोन का नाही केला, असं म्हणाल. बाबा, फोनवर तुम्हाला सोयीपुरतं ऐकू येतं. 'हो' म्हटलेलं लगेच ऐकू येतं. 'नाही' म्हटलं की, "आवाज येऊन नाही राह्यला ममता, टावर नाही इथं," म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात देता आणि आई बिचारी विचारते, जेवली का. कागदाला टॉवर लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

बॅनरचा फोटो धम्मदीपने मोबाइलवर दाखवला. मधोमध वामनभाऊ, गॉगल लावून, हात जोडून. त्यांच्या खाली वैष्णवी. आणि वर कोपऱ्यात एका गोलात मी. कुठून शोधून काढलात तो फोटो? छातीवर नंबर, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, आणि ओठ असे आवळलेले की जणू कोणी दात मोजायला मागतंय. खाली लिहिलंय, 'मॅरेथॉन कन्या ममता वाठोरे हिच्या पावलावर पाऊल!' मी आधी हसले. इतकी हसले की काय झालं म्हणून विक्की बाहेरून बघायला आला. मग हसू आटलं. पावलावर पाऊल म्हणजे कोणत्या पावलावर, बाबा? उजव्या की डाव्या? डावं पाऊल मी अजून थंडीच्या दिवसांत जिना उतरताना तिरपं टाकते. तुम्हाला ते माहीत नाही, कारण तुम्ही यायच्या आधीच मी जिना उतरून खाली येऊन उभी राहते.

तुमची ती डब्याची गोष्ट वैष्णवीला तोंडपाठ आहे. तुम्ही एसटीत कंडक्टर, मुक्कामी गाडी पहाटे फुलसावंगीहून उमरखेडला निघायची, एक दिवस तुम्ही डबा विसरलात, आणि सहावीतली ममता अनवाणी पळत सुटली ती थेट एसटी गाठूनच थांबली. मी लहान असताना या गोष्टीत मी गाडी नाल्याच्या पुलावर गाठली होती. मी कॉलेजात गेले तोवर पूल मागे पडून फाटा आला. आता वैष्णवी सांगते, आत्याने ढाणकीपर्यंत गाडीचा पाठलाग केला. अजून थोडी वर्षं गेली की मी उमरखेडच्या डेपोत तुमच्या आधी पोहोचून तिकिटं फाडत बसलेली असेन. खरं काय झालं ते मला धावजी ड्रायव्हरने नंतर सांगितलं. "तुहा बाप पेंगून राह्यला होता. म्या आरशात तुले पाह्यलं अन् ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला." धावजीकाका निवृत्त झाले तरी ही गोष्ट त्यांनी चारचौघांत कधी काढली नाही. मीही काढली नाही. माझी पोर एसटीपेक्षा जोरात पळते, असं बाप सांगत असेल तर कोणत्या मुलीला वाईट वाटेल?

आणि तुम्हाला गोष्ट वाढवून सांगायची एवढी हौस कशासाठी, ते मला लहानपणापासून कळतं. तानाबाई आजीची तुमच्या आधीची लेकरं जगली नाहीत. म्हणून तुम्ही जन्मलात तेव्हा तिने तुम्हाला सुपात घालून गावाबाहेरच्या उकंड्यावर नेलं. शेण, राख, केरकचरा, त्या ढिगावर तुम्हाला ठेवलं आणि "टाकून देल्लं, कोनाले पायजे त न्या," असं मोठ्याने म्हणून पाठ फिरवून ती चालती झाली. मग शेजारच्या बाईने, हे काय सापडलं म्हणत तुम्हाला उचलून आणलं आणि आजीने सूपभर ज्वारी देऊन तुम्हाला तिच्याकडून विकत घेतलं. मरणाला वाटावं, ही फेकलेली वस्तू, हिला नेऊन काय करायचं. दीक्षा घेतलेलं घर आपलं, देव केव्हाच नाल्यात सोडलेले, त्यामुळे लोक आजीला हसले. ती म्हणायची, "बाबासायबानं देव सोडाले सांगतलं, लेकरू सोडाले नाही सांगतलं." तुमचं नाव उकंडा पडलं ते असं. आणि आजी नुसतं नाव ठेवून थांबली नाही. तुम्हाला कोणी गुणाचं म्हटलं की ती लगेच म्हणायची, "कायचं गुनाचं, उकंड्यावरचं हाये थे." तुम्ही कंडक्टर झालात, खाकी कपडे घालून तिच्यापुढे उभे राहिलात, तेव्हा तिने खालून वर पाहिलं आणि म्हणाली, कापड बरं आहे. हे तुम्हीच आम्हाला हसत हसत सांगायचात. पण सांगून झालं की उगाच बाहेर जाऊन बसायचात.

मला ढाणकीची ती पहिली शर्यत आठवते. गाडीत प्रवासी तुमच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून एकमेकांना कोपराने ढोसतात म्हणून तुम्ही त्यावर रुमाल टाकायचात. आणि त्या दिवशी भोंग्यातून आवाज आला, "प्रथम क्रमांक, उकंडाजी वाठोरे यांची कन्या!" उकंडाजी. तुमच्या नावापुढे 'जी' लागलेला मी त्याआधी ऐकला नव्हता, तुम्हीही नसेल. तुम्ही टाळ्या वाजवत होतात ते थांबलात आणि मंडपाच्या मागे गेलात. मी बक्षीस दाखवायला धावत आले तर तुम्ही टोपीने डोळे पुसत होतात. मला तेव्हा एवढंच वाटलं की एवढ्याशा गोष्टीने बाबांना इतकं बरं वाटतं, तर पळू की. त्यात काय आहे.

मग रविवार सुरू झाले. तुम्ही कंडक्टर, तालुक्यातलं प्रत्येक स्टँड तुमच्या पायाखालचं, पोस्टर चिकटवायला माणूस यायच्या आधी तुम्हाला खबर. कोणा नेत्याचा वाढदिवस, कोणाच्या बँकेचं उद्घाटन, कोणत्या मंडळाचं पंचविसावं वर्ष, सगळीकडे भव्य मॅरेथॉन. महागाव, ढाणकी, पुसद, दिग्रस, आर्णी, पलीकडे हदगाव. पळायचं डांबरी रस्त्यावर, पायात कापडी बूट, परत येताना एसटीत माझं डोकं तुमच्या खांद्यावर. बक्षीस म्हणून मला सातवीत असताना जरीची साडी मिळाली होती, आठवतं? कुकर मिळाला तो आईने वापरला, साडी मामीला गेली आणि घड्याळं भिंतीवर लागली. प्रत्येक घड्याळात एकेका नेत्याचा फोटो. एका भिंतीवर तीन नेते, तिघांच्या तीन वेळा आणि तिघंही एकमेकांशी न बोलणारे. आई स्वयंपाक करताना रेडिओ ऐकूनच वेळ ओळखायची.

नडगी दुखायला लागली की तुम्ही रुईचं पान तव्यावर तेल लावून गरम करायचात आणि चिंधीने बांधायचात. तुमचे हात मूळचे खरखरीत, तिकिटाच्या पेटीने घट्टे पडलेले, पण पान बांधताना ते इतके हलके व्हायचे की दुखणं अजून थोडं राहिलं तरी चालेल असं मला वाटायचं. हे मी आजही खोटं म्हणणार नाही. तुम्ही वाईट बाप नव्हतात. वाईट बाप असता तर हे पत्र लिहायला मला इतकी वर्षं लागली नसती.

नाशिकला सुचित्रा मॅडमकडे धावण्याच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली तेव्हाची गंमत मी तुम्हाला कधी सांगितली नाही. पहिल्या दिवशी मैदानावर सगळ्या मुलींना गोल बसवून मॅडमनी विचारलं, काय काय पळून आलात. माझी पाळी आली. मी छाती फुगवून सांगितलं, मॅडम, मी खूप मॅरेथॉन जिंकल्यात, बहुतेक सगळ्याच. मॅडमच्या भुवया वर गेल्या. किती अंतराच्या, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाच किलोमीटर. कधी कधी तीन. सगळं मैदान हसलं, बाबा. साताऱ्याची एक मुलगी तर आडवी पडून हसली. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर, आणि वर जवळजवळ दोनशे मीटर, हे मला अठरा वर्षांची होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे जी काही पळायची शर्यत ती मॅरेथॉन. कोणी तीन किलोमीटरची घेवो की बैलगाडीच्या वाटेने देवळाला वळसा घालून परत येणारी. मी ती लाज गिळली. पण तुमच्या डोक्यात तो शब्द कधी दुरुस्त झाला नाही, आणि सगळं नासलं ते तिथेच.

मॅडमनी पहिले कित्येक महिने मला एकही शर्यत पळू दिली नाही. नडग्या चेपून बघायच्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. म्हणाल्या, विहीर रोज खालपर्यंत उपसली तर पाणी साठणार कधी? तुमच्या गावाने तुला रोज उपसलंय. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. शहरातल्या बाईला आपल्या गावाचं काय कळणार, असं वाटलं. मग हळूहळू पाय सुधारले. आधी दहा, मग एकवीस आणि मग एका हिवाळ्यात पहिली खरी मॅरेथॉन. तीस किलोमीटर ओलांडल्यावर काय होतं ते मला कोणाला नीट सांगता येत नाही. अंगातलं सगळं संपतं. भूक नाही, राग नाही, शेजारून पळणारी कोण आहे तेही कळत नाही. भोंगा नाही, माईक नाही, कोणाचं नाव कोणी घेत नाही. मला तेच आवडलं. तिथे मी कोणाची कन्या नव्हते. रडत रडत पळत होते आणि आनंदाने रडत होते. शर्यत संपल्यावर पहिला फोन तुम्हाला केला, सहावी आले म्हणून. तुम्ही म्हणालात, "साहवी? मंग बक्षीस नाही भेटलं?" आणि गावात सांगितलंत की पहिली आली.

पुढची काही वर्षं माझी होती, तेवढी तरी कोणी घेऊ नये. राज्यात पहिली आले, देशात तिसरी आले, रेल्वेत नोकरी लागली. आणि मग चाचणीचं बोलावणं आलं. देशाच्या संघासाठी चाचणी. मॅडमनी मला ते ऑफिसात बोलावून सांगितलं आणि सांगताना त्यांनी पहिल्यांदाच मला चहा पाजला. नडगी तेव्हा थोडी बोलत होती. मॅडम म्हणाल्या, आता जोरात एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही, जे साठलंय ते जपायचं.

आणि तुमचा फोन आला, आईची तब्येत बरी नाही, ताबडतोब ये.

मी कशी आले ते मला माहीत. उमरखेडपर्यंत उभ्याने. फुलसावंगीच्या स्टँडवर उतरले तर समोर बॅनर. वामनभाऊंचा वाढदिवस, भव्य मॅरेथॉन, प्रमुख आकर्षण म्हणून माझं नाव. घरी आले तर आई अंगणात मेथी निवडत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीकडे. "मले कायले काय होते. तुह्या बापाले इचार," एवढंच बोलली. मी तुम्हाला सगळं सांगितलं. पाय दुखतो, चाचणी आहे, मॅडमनी बजावलंय. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. हसलात. आणि म्हणालात, "बेचाळीस पळनारीले पाच म्हंजे आंगन झाडनं होय." मी नाहीच म्हणत राहिले तेव्हा तुमचा आवाज बसला. "मी भाऊले शबूद देल्ला. आता माही इज्जत तुह्या पायात हाये." आणि चुलीजवळ बसून तुम्ही रुईचं पान गरम करायला घेतलंत. तुम्ही ओरडला असता, हात उगारला असता, तर मी पिशवी उचलून परत गेले असते. तुम्ही पान बांधलंत, म्हणून थांबले.

पळाले. माझ्यासोबत कोण होतं? आठवी-नववीतल्या शाळेच्या पोरी, निम्म्या अनवाणी. त्यांच्यापुढे पहिली येताना मला मान वर करता येईना. भोंग्यातून उकंडाजींचं नाव आलं, वामनभाऊंनी तुमच्या गळ्यात हार घातला आणि माझ्या हातात एक घड्याळ दिलं. ते अजून घरात आहे. आत भाऊच आहेत, आतापेक्षा केस जास्त असलेले. पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. अर्ध्याहून पुढे गेले होते, चांगली चालले होते. पुलाचा चढ आला आणि नडगीत आतल्या आत ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. मी रस्त्याच्या कडेला बसले. बाकीच्या मुली माझ्या पायापासून हातभर अंतरावरून पुढे गेल्या. साताऱ्याचीही गेली. ती पुढे देशासाठी पळाली. मॅडम धावत आल्या, पायाला हात लावला आणि विचारलं, मधे कुठे पळून आलीस? मी म्हटलं, घरी गेले होते. त्यांनी पायावरचा हात काढला. त्यानंतर त्या माझ्याशी मैदानाबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत.

हाड जुळलं. दोन वर्षं गेली, पण जुळलं. मी पुन्हा पळाले, शहरांत, रेल्वेकडून, बऱ्यापैकी पळाले. पण तो वेग परत आला नाही, आणि ती जागा कोणासाठी मोकळी राहत नाही. शेवटी बूट काढून ठेवले आणि चौकशीच्या खिडकीत बसायला लागले. कोणती गाडी किती उशिरा येते हे मी आता चांगलं सांगते.

आणि गावात तुम्ही काय सांगितलंत? जावयानं बंद केलं. लग्न झालं, नवऱ्याला आवडत नाही, म्हणून पोरीने सोडलं. बाबा, विक्कीने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लंगडत होते. त्या जुन्या वेगाने पळताना त्याने मला एकदाही पाहिलेलं नाही, याचं त्याला अजून वाईट वाटतं. धम्मदीपच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत लोकांनी त्याला धरलं. "काहून जावईबापू, सोन्यासारखी पोट्टी घरात बसवली?" त्याने हसून अजून भाजी मागितली. घरी आल्यावर मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस? म्हणाला, म्हाताऱ्याचं एक खोटं सांभाळलं तर माझं काय जातं. त्याचं जात नाही, माझं जातं. प्रत्येक वेळी तो तुमच्या पाया पडतो तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं. तुम्ही त्याला आशीर्वाद देता आणि वर मला सांगता, सुखात ठेव म्हणावं पोट्टीले.

आता म्हणाल, झालं ते झालं, जुनं उकरून काय मिळतं तुला. काही मिळत नाही. मी हे सगळं माझ्यासोबत न्यायला तयार होते. पण शनिवारी धम्मदीप वैष्णवीला सुटीत चार दिवस राहायला घेऊन आला. पोरगी दारात बसली, बूट काढला, मोजा काढताना थबकली आणि माझ्याकडे चोरून पाहिलं. मी म्हटलं, काढ. मोज्यातून वाळलेलं रुईचं पान खाली पडलं. डाव्या नडगीवरून, बाबा. मी हात लावला तर ती दचकली आणि लगेच म्हणाली, "आत्या, आबाजीले नको सांगू. त्याहीनं शबूद देल्ला. अन् थे पान बांधतेत न, मंग बरं वाटते."  सोमवारी विक्की आणि मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. हाडाला बारीक चीर गेली आहे. आता थांबली तर भरून येईल, काही उरणार नाही, पुढे हवं तितकं पळू शकेल. रविवारी पळाली तर माझी मोडलेली नडगी तुम्हाला पुन्हा बघायला मिळेल, विसरला असाल तर. म्हणून ती येणार नाही, आणि म्हणून हे पत्र. आता एक गोष्ट माझ्यासाठी करा. आयुष्यात मी तुमच्याकडे मागितलेली ही पहिली. मला कोणी उकंड्यावर टाकलं नाही, बाबा. मला तुम्ही स्टेजवर ठेवलंत, हार घालून, भोंगा लावून, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि न्यायचं होतं ते घेऊन गेलं. वैष्णवीच्या वेळी तरी तुमच्या आईने केलं ते करा. आजी तुम्हाला जन्मभर वाईट का म्हणाली, ते तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नसेल तर आता कळू द्या. उद्याच स्टँडवर जा, चहाच्या टपरीवर जा, वामनभाऊंच्या बंगल्यावर जा आणि चांगलं मोठ्याने सांगा, पोट्टी काही कामाची नाही, आळशी आहे, पळणं तिच्याच्याने होत नाही, टाकून दिली. लोक हसतील. आजीलाही हसले होते, म्हणून तुम्ही आज हे पत्र वाचायला आहात. शेजारची बाई मी झाले आहे. मला ती सापडली, मी उचलून घरात आणली. हाड भरून आलं की सूपभर ज्वारी घेऊन या आणि तिला माझ्याकडून विकत घेऊन जा. येताना आधी कळवू नका, खाली जिन्यापाशी उभे राहून हाक मारा. यावेळी मी तुमच्यादेखत जिना उतरेन.

तुमचीच,
बॅनरवरची नव्हे, घरातली
ममता